तलावाच्या काठावरची ड्यूटी: जीवरक्षकाने बॅचपूर्वी, बॅचमध्ये आणि अपघाताच्या वेळी काय, कोणत्या क्रमाने करावे

एप्रिल उजाडला की महापालिकांच्या आणि सोसायट्यांच्या जलतरण तलावांवर पाऊण-पाऊण तासाच्या बॅच लागतात आणि उत्तम पोहणाऱ्या एखाद्या तरुणाच्या गळ्यात शिट्टी अडकवून त्याला जीवरक्षक म्हणून काठावर उभे केले जाते. त्याला पोहता येते यात शंका नसते. परंतु बुडणारा माणूस कसा दिसतो, तो दिसल्यावर आधी काय करायचे आणि बाहेर काढल्यावर काय करायचे नाही, हे त्याला बहुधा कोणी सांगितलेले नसते. त्यामुळे त्याच त्या चुका होत राहतात. कोणीतरी ओरडेल याची वाट पाहिली जाते, नजर पाण्याच्या वरवर फिरते आणि तळापर्यंत जात नाही, आणि बाहेर काढलेल्या माणसाचे पोट दाबण्यात पहिली दोन मिनिटे, म्हणजे खरे तर सगळेच, हातचे जाते. एका टोकाला उथळ आणि दुसऱ्या टोकाला खोल असा साधारण २५ मीटरचा तलाव डोळ्यांसमोर ठेवून पुढील टप्पे कामाच्या क्रमाने लिहिले आहेत.

१. पहिल्या बॅचपूर्वीचा अर्धा तास

सर्वांत आधी पाणी पाहावे, आणि तेही खोल टोकाच्या काठावर उभे राहून. तळाच्या निचऱ्यावर बसवलेल्या जाळीच्या पट्ट्या वरून स्पष्ट मोजता आल्या पाहिजेत. जाळी नुसती ‘दिसते आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. गढूळ पाण्यात तळाशी निश्चल पडलेले शरीर फरशीवरच्या सावलीसारखे भासते आणि दोन हात अंतरावरून पोहत जाणाऱ्यालाही ते कळत नाही. आदल्या रात्री तुरटी सोडली असेल आणि गाळ अजून बसला नसेल, किंवा फिल्टर बंद राहिल्याने पाणी दुधाळ झाले असेल, तर बॅच सुरू करू नये. फाटकाबाहेर चाळीस पासधारक ताटकळत उभे असले तरी हा निर्णय बदलत नाही.

त्यानंतर पाण्याची चाचणी करावी. मुक्त क्लोरीन (जंतू मारायला पाण्यात शिल्लक असलेला) १ ते ३ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १ ते ३ भाग, आणि पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) ७.२ ते ७.८ या दरम्यान असावा. पीएच याहून वर गेला की क्लोरीन तेवढाच असूनही त्याचा जंतूंवरील परिणाम घटतो, म्हणून केवळ क्लोरीनचा आकडा वहीत लिहून थांबू नये. काठावर उग्र वास येतो आहे म्हणजे क्लोरीन भरपूर आहे, ही समजूतही चुकीची आहे. तो वास बहुतेक वेळा घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन तयार झालेल्या संयुगांचा असतो.

तिसरे काम निचऱ्याच्या जाळ्यांचे. जाळी हललेली, तुटलेली किंवा तिचा एखादा स्क्रू निघालेला असेल, तर पंप चालू असताना तेथील ओढीने लहान मुलाचा हात, पाय किंवा मोकळे केस आत खेचले जाऊ शकतात, आणि त्या ओढीपुढे प्रौढ माणसाची ताकदही अपुरी पडते. अशा वेळी माणसाला ओढत बसण्याआधी पंप बंद करावा लागतो. म्हणून पंपाचा स्विच कुठे आहे हे ऑपरेटरइतकेच जीवरक्षकालाही ठाऊक असले पाहिजे आणि पंपघराला कुलूप असेल तर किल्ली हाताशी असली पाहिजे.

शेवटी साहित्य तपासावे. चार-पाच मीटरचा न तडकलेला बांबू, दोर बांधलेली रिंग, छातीशी धरण्याची रेस्क्यू ट्यूब (तरंगणारी लांब नळी), पट्टे आणि डोके स्थिर ठेवण्याचे ठोकळे असलेली पाठफळी, तोंडाने श्वास देण्याचा मास्क, कोरडा टॉवेल, प्रथमोपचार पेटी, चार्ज केलेला फोन आणि असल्यास एईडी (थांबलेल्या हृदयाला गरज असल्यास विजेचा झटका देणारे) यंत्र. हे सारे काठावर, उघड्यावर ठेवावे. ऑफिसच्या कपाटात नीट घडी करून ठेवलेली रिंग तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याच्या उपयोगाची असते, बुडणाऱ्याच्या नव्हे.

तपासा: रुग्णवाहिका ज्या फाटकातून आत येणार त्याची किल्ली आत्ता, या क्षणी, कोणाकडे आहे? अनेक तलावांवर लोकांच्या ये-जा करण्याचे दार अरुंद असते आणि मोठे फाटक वर्षभर कुलूपबंद असते.

२. जागा वाटून घेणे

जीवरक्षणात १०/२० असा एक नियम प्रचलित आहे. आपल्या वाट्याच्या पाण्यातील अडचण १० सेकंदांत लक्षात यावी आणि पुढच्या २० सेकंदांत तेथपर्यंत पोहोचता यावे, असा त्याचा अर्थ. आपल्या तलावावर हे शक्य आहे की नाही, हे कागदावर ठरवू नये. पाणी भरलेली मोठी बाटली जुन्या टीशर्टमध्ये गुंडाळून, सहकाऱ्याला न सांगता ती तळाच्या एखाद्या कोपऱ्यात सोडावी आणि त्याला ती केव्हा दिसते हे घड्याळावर पाहावे. पहिल्या वेळी लागणारा वेळ सर्वांनाच अस्वस्थ करतो. या प्रयोगात हमखास सापडणारी आंधळी जागा म्हणजे जीवरक्षकाच्या उंच खुर्चीच्या नेमके खालचे पाणी. दुसरी जागा संध्याकाळच्या बॅचची असते, कारण पश्चिमेकडे तोंड करून बसल्यास मावळतीचे ऊन पाण्यावरून थेट डोळ्यांत येते आणि त्या तिरिपेखालचा पट्टा पूर्णपणे दिसेनासा होतो. अशा वेळी खुर्चीचा मान सोडून काठावरून चालत राहावे.

एकाच माणसाने अखंड पाहत राहणे वीस ते तीस मिनिटांपलीकडे जमत नाही. डोळे उघडे असतात, पण पाहणे थांबलेले असते. त्यामुळे जागा बदलाव्यात, आणि बदलताना क्रम पाळावा: येणाऱ्याने आधी तळ पाहावा, मग पृष्ठभाग, मग ‘माझ्याकडे आले’ असे मोठ्याने म्हणावे, आणि त्यानंतरच जाणाऱ्याने नजर हटवावी. दोघांनी उभे राहून गप्पा मारत केलेली अदलाबदल म्हणजे अर्धे मिनिट तलाव बेवारस.

सावधान: प्रशिक्षक हा जीवरक्षक नव्हे. तो एका मुलाचे पाय सुधारत असताना उरलेल्या अकरा मुलांकडे त्याची पाठ असते. तिकीट तपासणे, फ्लोट वाटणे, चेंजिंग रूममधील भांडण मिटवणे ही कामेही ड्यूटीवरील जीवरक्षकाकडे देऊ नयेत.

३. लोकांना पाण्यात सोडताना

आत किती जण सोडले तो आकडा काठावरील फळ्यावर लिहावा. ज्यांना पोहता येत नाही त्यांना वेगळ्या रंगाची टोपी द्यावी, म्हणजे खोल भागात ती टोपी दिसताच शिट्टी वाजवता येते. फिट्स, हृदयविकार किंवा दमा आहे का, हे फॉर्मवर एकदा लिहून घेतले म्हणून विषय संपत नाही. अशा व्यक्तीचा चेहरा त्या वेळी काठावर असलेल्या जीवरक्षकाला माहीत असावा. हातात घालायचे हवेचे फ्लोट मुलाला तरंगत ठेवतात, परंतु ते निसटतात आणि त्यांच्यामुळे पालक निर्धास्त होऊन फोन उघडतात. त्यामुळे न पोहणाऱ्या लहान मुलाबरोबर हाताच्या अंतरावर एक मोठा माणूस पाण्यातच असावा, काठावरच्या बाकावर नव्हे.

नियम थोडे सांगावेत, पण कारणासह सांगावेत. ओल्या फरशीवर पळू नये. उथळ भागात सूर मारू नये. कोणी खाली पोहत असताना वरून मुटका मारू नये. चौथा नियम मात्र बहुतेक फलकांवर नसतो आणि तो चांगल्या पोहणाऱ्यांसाठी आहे: पाण्याखाली श्वास रोखून धरण्याची पैज लावू नये. पैज जिंकण्यासाठी मुले आधी भराभर खोल श्वास घेतात. त्याने शरीरातील प्राणवायू फारसा वाढत नाही, मात्र कार्बन डायऑक्साइड घटतो. आणि ‘आता श्वास घे’ अशी हाक शरीर देते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर. ती हाक येण्याआधीच मेंदूचा प्राणवायू संपतो आणि पट्टीचा पोहणारा कसलीही धडपड न करता तळाशी बेशुद्ध होतो. पाहणाऱ्यांना वाटते, काय दम आहे पोराचा!

४. पाहण्याची पद्धत

या टप्प्यावर सर्वाधिक चुका होतात. नजर फिरवण्याचा क्रम तळ, मधले पाणी, पृष्ठभाग असा ठेवावा. पृष्ठभागावर हालचाल, रंग आणि आरडाओरडा असल्यामुळे डोळे आपोआप तेथे अडकतात. तळाकडे ते मुद्दाम न्यावे लागतात. मग पृष्ठभागावर आल्यावर माणसे न पाहता चेहरे पाहावेत.

बुडणारा माणूस हात हलवून ‘वाचवा’ म्हणत नाही. जो ओरडू शकतो तो दमला आहे, घाबरला आहे, त्याला मदत हवीच आहे. पण त्याचा श्वास अजून चालू आहे. खरोखर बुडणाऱ्याचे तोंड पाण्याच्या पातळीवर खाली-वर होत असते आणि वर आल्याच्या त्या क्षणात श्वास सोडून पुन्हा घेणे एवढेच त्याला जमते, बोलायला वेळच उरत नाही. शरीर पाण्यात उभे असते, पाय मारले जात नाहीत, हात दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत असतात, जणू तो नसलेली शिडी चढतो आहे. डोके मागे झुकलेले, तोंड उघडे, डोळे काचेसारखे किंवा मिटलेले, आणि कपाळावर आलेले केस बाजूला सारण्याचा प्रयत्न नाही. हे सारे साधारण २० ते ६० सेकंद चालते आणि लहान मुलांत त्याहूनही लवकर संपू शकते. त्यानंतर तो खाली जातो.

एका तलावावर मी खुर्चीत असताना चार फूट पाण्यात आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा दिसला. त्याच्यापासून दोन हातांवर तीन मुले चेंडू खेळत होती आणि काठावर त्याची मावशी टॉवेल घेऊन बसली होती. पहिल्या फेरीत तो मला उभे पोहण्याचा सराव करणारा वाटला. दुसऱ्या फेरीत तो त्याच जागी होता, केस डोळ्यांवर तसेच चिकटलेले होते, आणि मी शिट्टी वाजवली तेव्हा बाकीची तिन्ही डोकी माझ्याकडे वळली, त्याचे वळले नाही. मी त्याला उचलून काठावर बसवले तेव्हा मावशी म्हणाल्या, “अहो, तो खेळतोय.” मुलगा खोकत होता, बोलायला त्याला बराच वेळ लागला. चार फूट पाण्यात त्याचे पाय तळाला जेमतेम टेकत होते आणि चेंडूच्या लाटा तोंडावर येत होत्या, एवढेच कारण होते.

तेव्हापासून मी एक कसोटी वापरतो: संशय आला की शिट्टी वाजवून विचारावे, ‘ठीक आहे ना?’ उत्तर आले तर ठीक. उत्तर नाही, नजर नाही, तर अर्धा सेकंदही थांबू नये. दहा वेळा उगाच उठावे लागले तरी त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

५. वाचवण्याचा क्रम: हाक, बांबू, रिंग, उडी

शिट्टीचे संकेत सर्व जीवरक्षकांचे एकसारखे असावेत. एक छोटी शिट्टी पोहणाऱ्यासाठी, दोन छोट्या सहकाऱ्यासाठी आणि एक लांब शिट्टी म्हणजे मी पाण्यात उतरतो आहे, माझी जागा सांभाळा आणि सर्वांना काठावर घ्या. शिट्टी न वाजवता मारलेली उडी कितीही शूर असली तरी उरलेला तलाव वाऱ्यावर सोडते.

शुद्धीवर असलेल्या आणि काठाजवळच्या माणसाला आधी नावाने किंवा टोपीच्या रंगाने हाक मारून काठ धरायला सांगावे. ते जमत नसेल तर काठावर पोटावर पालथे पडून बांबू त्याच्या हाताखाली सरकवावा. उभे राहून दिला तर तोच आपल्याला आत खेचतो. अंतर जास्त असेल तर दोराचे मोकळे टोक पायाखाली दाबून रिंग त्याच्या खांद्यापलीकडे फेकावी आणि दोर ओढत ती त्याच्या हातांपर्यंत आणावी. रिंग थेट अंगावर फेकू नये. तोंडाला लागते किंवा अलीकडे पडून त्याला दिसतही नाही. वर वर्णन केल्याप्रमाणे जो प्रत्यक्ष बुडतो आहे त्याला मात्र रिंग पकडता येत नाही. त्याच्यासाठी, आणि बेशुद्धासाठी, सरळ पाण्यात उतरावे.

उतरताना ट्यूब छातीशी असावी आणि नजर त्याच्यावरून हलू नये. उथळ पाण्यात बसून घसरत उतरावे, खोल पाण्यात पाय फाकवून पावले टाकल्यासारखी उडी घ्यावी; डोके खाली घालून सूर मारू नये, कारण त्या दोन सेकंदांत तो खाली गेलेला असतो आणि आपल्याला त्याची जागा शोधावी लागते. शक्य तेवढे पाठीमागून जावे आणि त्याच्या व आपल्या मध्ये ट्यूब ठेवावी. त्याने मिठी मारलीच तर झटापट करू नये. एक श्वास घेऊन हनुवटी छातीला लावावी आणि त्याच्यासह खाली बुडी मारावी; तो वर राहू पाहतो, त्यामुळे पकड सुटते. बेशुद्ध माणसाचा चेहरा वर करून, सवयीच्या पायऱ्यांकडे न जाता सर्वांत जवळच्या काठाकडे न्यावे.

तपासा: आपण उडी मारल्यावर खुर्चीत कोण आहे?

६. बाहेर काढल्यानंतरची पहिली दोन मिनिटे

बुडण्यात हृदय थांबते ते प्राणवायू संपल्यामुळे. म्हणून येथे आधी श्वास, मग छाती. आपल्याकडे सर्वसामान्य नागरिकांना केवळ छाती दाबण्याचे जे प्रशिक्षण दिले जाते ते अचानक कोसळलेल्या हृदयरुग्णासाठी योग्य आहे, पण बुडालेल्यासाठी ते अपुरे पडते.

माणसाला सपाट, कडक जागी उताणे ठेवावे. हाक मारून, खांदे हलवून पाहावे आणि डोके मागे व हनुवटी वर करून १० सेकंदांपेक्षा जास्त वेळ न घेता श्वास तपासावा. मधूनच येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. श्वास नसेल तर मास्कने सुरुवातीचे पाच श्वास द्यावेत (काही अभ्यासक्रमांत दोन शिकवतात, जे शिकलात ते करावे) आणि प्रत्येक श्वासाला छाती उचलली जाते की नाही ते पाहावे. प्रतिसाद न आल्यास लगेच ३० वेळा छाती दाबणे आणि दोन श्वास हे चक्र सुरू करावे. प्रौढाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर, मुलाची छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, वेग मिनिटाला १०० ते १२०.

त्याच वेळी एका ठरावीक माणसाला सांगावे: “निळा शर्टवाले काका, तुम्ही १०८ ला फोन करा आणि मला येऊन सांगा.” ‘कोणीतरी फोन करा’ असे म्हटले की प्रत्येकाला वाटते दुसऱ्याने केला असेल. दुसऱ्या माणसाला फाटक उघडायला पाठवावे. एईडी आल्यावर छाती टॉवेलने कोरडी करून पॅड लावावेत, मात्र ते आणण्यासाठी श्वास देणे थांबवू नये.

सावधान: पोट दाबू नये, पालथे घालून पाठीवर थापट्या मारू नयेत, मुलाला पाय धरून उलटे टांगू नये. फुप्फुसात शिरलेले पाणी सहसा थोडेच असते आणि ते अशा रीतीने बाहेर येत नाही. पोटातले पाणी आणि अन्न मात्र वर येऊन श्वासनलिकेत जाते. गर्दीतले एखादे वडीलधारे गृहस्थ हाच सल्ला अधिकाराने देतात. त्यांना हळुवार पण ठामपणे मागे सारण्याचे काम सहकाऱ्याने करावे. तोंडाशी फेस येत राहिला तर तो पुसत बसू नये, श्वास देत राहावे. उलटी झाली तर कुशीवर वळवून तोंड साफ करावे आणि पुन्हा सुरू करावे.

श्वास परत आल्यावर कुशीवर झोपवावे, ओले कपडे काढून पांघरूण घालावे आणि रुग्णालयात पाठवावेच. केवळ नाकातोंडात पाणी गेलेले, बरे वाटते म्हणून घरी निघालेले मूलसुद्धा सतत खोकत असेल, धापा टाकत असेल किंवा पेंगुळले असेल, तर पालकांना थेट डॉक्टरकडे जायला सांगावे.

७. चार वेगळे प्रसंग

मानेची दुखापत. उथळ भागात सूर मारलेला माणूस तोंड पाण्यात ठेवून तरंगत असेल किंवा हातापायांना मुंग्या येतात असे म्हणत असेल, तर त्याला बखोटीला धरून ओढू नये. त्याचे दोन्ही दंड कानांलगत दाबून डोके स्थिर करावे, तसेच अंग उताणे वळवावे आणि पाठफळी येईपर्यंत पाण्यातच आधार द्यावा. श्वास नसेल तर मात्र मान सांभाळत लवकर बाहेर काढावे. श्वासाला अग्रक्रम आहे.

पाण्यात फिट येणे. झटके चालू असताना काठावर चढवण्याची धडपड न करता तोंड पाण्याबाहेर धरावे आणि त्याला भिंतीपासून दूर ठेवावे. झटके ओसरले की बाहेर घेऊन श्वास तपासावा. तोंडात चमचा, नाकाला कांदा किंवा चप्पल यांतले काहीही करू नये.

वळवाचा पाऊस. मे महिन्यात दुपारनंतर ढग गडगडले की उघड्या तलावातून सर्वांना बाहेर काढावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे पाण्यात सोडू नये.

क्लोरीनची गळती. २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडमधील कासारवाडीच्या तलावावर क्लोरीन वायूची गळती होऊन पोहणाऱ्यांना रुग्णालयात न्यावे लागले होते. हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असल्याने जमिनीलगत आणि पाण्यालगत, म्हणजे पोहणाऱ्याच्या नाकाच्याच उंचीवर, साचतो. घसा चुरचुरू लागताच लांब शिट्टी द्यावी, वारा ज्या दिशेने येतो त्या बाजूच्या उंच जागी सर्वांना न्यावे, स्वच्छ पाण्याने अंग आणि डोळे धुवावेत. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायला योग्य मास्कशिवाय कोणीही आत जाऊ नये.

८. बॅच सुटताना

सुटणारी बॅच काठावर, येणारी बॅच शॉवरखाली आणि मधली पाच मिनिटे कोणाचीच नाहीत. लहान मूल नजर चुकवून पुन्हा पाण्यात उतरते ते याच वेळी. म्हणून दोन बॅच कधीही एकमेकींत मिसळू देऊ नयेत. सर्व जण बाहेर आल्यावर फळ्यावरचा आकडा प्रत्यक्ष मोजून जुळवावा, चेंजिंग रूममध्ये आवाज द्यावा, काठावर राहिलेली चप्पल किंवा चष्मा कोणाचा आहे हे विचारावे, आणि तलावाला पूर्ण फेरी घालून तळ पाहावा. पुढची शिट्टी त्यानंतर.

त्या बॅचमध्ये कोणाला बांबू द्यावा लागला असेल, कोणी गटांगळ्या खाल्ल्या असतील, कोणाच्या पायात गोळा आला असेल, तर वेळ आणि नेमकी जागा वहीत लिहावी. महिनाभरात एकाच जागेच्या चार नोंदी निघाल्या, तर खुर्ची तिकडे हलवावी. शेवटच्या बॅचनंतर दिवे चालू ठेवूनच तळाची फेरी घालावी, त्यानंतर दिवे बंद करावेत, आणि कुलूप स्वतः ओढून पाहावे.